डबा रिकामा परत न आणल्यामुळे घडलेल्या समुद्रप्रवासाबाबत

प्रति,
मा. श्री. वसंतराव आहिरे साहेब,
उपअभियंता, कालवा उपविभाग, नाशिक.

विषय : तीन दिवसांची गैरहजेरी रजेत धरून सेवेत खंड न पाडणेबाबत.

संदर्भ : आपले 'कारणे दाखवा' पत्र, दि. २७ जानेवारी १९८४.

महोदय,

१. अर्जदार सहादू झुंबर पगारे हा आपल्याच कार्यालयात कारकून असून पुढच्या वर्षी सेवानिवृत्त होत आहे. सोमवार ते बुधवार अर्जदार कुठे उलथला होता, अशी विचारणा साहेबांनी तोंडी केली. पत्रात 'कोठे होता' असे आहे. उत्तर असे की, तो बोटीवर होता. साहेबांनी हसू नये. सेवेत खंड पडला तर म्हातारपणीची पेन्शन हातची जाईल, त्यामुळे थापा मारण्याची अर्जदाराची ऐपत नाही.

२. अर्जदाराचा भाचा बहिरू हा परदेशी सहलीच्या एका अवाढव्य बोटीवर भटारखान्यात कामाला आहे. बोट मुंबई बंदराला लागली म्हणून अर्जदार रविवारी पास काढून त्याला भेटावयास गेला. सोबत कॉलनीतील एक वयस्कर बाई होत्या. आईवेगळा बहिरू लहानपणी त्यांच्याच ताटात जेवला. त्या त्याच्यासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन निघाल्या. बाईंचे नाव अर्जदार लिहीत नाही. त्यांचे चिरंजीव सरकारी हुद्द्यावर असून स्वभावाने तापट आहेत. आईने एकटीने जिना उतरलेलाही त्यांना खपत नाही. सबब बाईंनी घरी इगतपुरीला बहिणीकडे जाते म्हणून सांगितले, आणि आपले नाव तोंडातून काढणार नाही अशी शपथ अर्जदारास घातली.

३. बहिरूने लाडू काढून घेतले. इतक्यात भोंगा वाजला आणि पाहुण्यांनी खाली उतरावे असा पुकारा झाला. अर्जदार उठला. बाई काही उठेनात, कारण डबा रिकामा होता. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करीत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, हे साहेबांस सांगणे नलगे. "माझा डबा उभ्या जन्मात रिकामा घरी आला नाय, आन् पोराच्या बिऱ्हाडातून येईल व्हय?" असे बाईंचे म्हणणे पडले. अर्जदाराने अक्षरशः हात जोडले. "तू जा पुढं," असा जबाब मिळाला. आता म्हाताऱ्या माणसाला परमुलखाच्या बोटीवर टाकून कोण जाईल? बहिरू डबा घेऊन साखरेसाठी पळाला. भटारखाना पार तळाला. तो साखर घेऊन वर आला तेव्हा धक्का मागे सरकू लागला होता. वास्तविक सरकत होती ती बोट, हे अर्जदाराच्या ध्यानात उशिरा आले.

४. कप्तानसाहेब आपल्याच स्वभावाचे निघाले. भरपूर ओरडून झाल्यावर त्यांनी बाईंना एक खोली दिली व दुसऱ्या दिवशी गोव्याला उतरवतो म्हणाले. बोट परदेशी असली तरी गोवा परदेश नव्हे. विनापरवानगी परदेशगमनाचा ठपका पुढे येऊ नये म्हणून हे आताच नमूद करून ठेवतो.

५. बोटीच्या गच्चीवर पोहण्याचा हौद आहे. चहूकडे समुद्र असताना वर हौद बांधणारांना काय म्हणावे! कालवा खात्यातील माणसाचा जीव तुटला. सायंकाळी बँड सुरू झाला. बाईंनी पदर खोचला आणि एका गोऱ्या म्हातारीला फुगडीला ओढले. ती म्हातारी दमली, बाई दमल्या नाहीत. मालक वारल्यापासून बाईंना असे खळखळून हसताना अर्जदाराने पाहिले नव्हते. खरे लिहायचे तर त्याचे डोळे भरून आले, आणि तेवढा वेळ पेन्शनची आठवणही झाली नाही.

६. गोव्याहून एस.टी. बदलत बदलत परतताना बाई इगतपुरीला बहिणीकडे उतरल्या. घरी सांगितलेले खोटे ठरू नये, एवढाच हेतू. डब्यातल्या साखरेच्या विलायती वड्या पाहून लेक विचारील म्हणून डबा अर्जदाराच्या गळ्यात पडला.

७. आता साहेबांचा हुकूम आहे की, साक्षीदार हजर करावा. बहिरू बोटीबरोबर पुढे गेला; उरली साक्षीदार एकच, आणि तिने अर्जदाराचे तोंड बांधलेले. शब्द मोडवत नाही आणि पेन्शन सोडवत नाही, अशी अर्जदाराची गत झाली आहे. म्हणून त्याने कोणाचेही नाव न घेता फक्त डबा जोडला आहे. झाकणावर भांडीवाल्याने कोरलेली अक्षरे साहेबांनी खोलीचे दार लावून वाचावीत. वाचल्यावर घरी जाऊन बाईंवर ओरडू नये. त्यापेक्षा फुगडी कशी झाली ते विचारावे; त्या सांगायला आतुर आहेत, ऐकणारे कोणी नाही.

तीन दिवस रजेत धरावेत, ही विनंती.

शपथ पाळून थकलेला, आपला आज्ञांकित,
सहादू झुंबर पगारे

नाशिक, दि. २ फेब्रुवारी १९८४

सोबत :
(१) स्टीलचा डबा एक. झाकणावर 'चि. वसंताच्या लग्नात' एवढेच कोरलेले. आत साखर.
(२) वाटी एक, शेंगदाण्याच्या चटणीसह. ही अर्जदाराच्या घरची असून रिकामी परत येऊ नये. रजामंजुरीचा कागद घडी घालून तीत बरोबर मावतो. अर्जदाराच्या कुटुंबाने, विमलाबाईने, तेवढाच कोरा कागद घालून पाहिला आहे.