घरचे शेवटच्या पंगतीला

एर्लांगेन, १४ मार्च

प्रिय प्रणव,

हे पत्र तुझी सुमेधाच तुला वाचून दाखवणार, हे ठाऊक असूनच लिहितेय. दोन बसस्टॉप पलीकडे राहणाऱ्या भावाला बहीण टपालाने पत्र पाठवते म्हणून हसशील. हस. समोर येऊन बसले की तू आधीच ‘जाऊ दे गं ताई’ म्हणतोस आणि मी विषय बदलते. कागदाला तसं गप्प करता येत नाही. सुमेधा, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घे. पण एक शब्द गाळू नकोस.

तुझ्या मायक्रोस्कोपवर मी अजून कुणाला बसवलेलं नाही. आपल्या एवढ्याशा वर्कशॉपात तेवढीच एक जागा रिकामी दिसते. पाच वर्षं तू हॉस्पिटलांना जाणारे सेन्सर तपासलेस, एकही परत आला नाही. काचबिंदू कडेकडेने खात येतो आणि मधलं शेवटपर्यंत राखतो, असं डॉक्टर म्हणाले ना? अरे, केसाएवढी चीर ज्याला दिसते त्याला दाराची चौकट दिसत नाही, हे कुणाच्या डोक्यात येणार! तू कॉफीचे कप उलटे करायचास आणि आम्ही खिदळायचो. धांदरट म्हणून तुझं बारसं मीच केलं होतं.

आता त्या विम्याचं. दोन वर्षांपूर्वी मी कंपनीतर्फे सगळ्यांच्या डोळ्यांचा जादा विमा काढला, आठवतो? इथली क्रांकनकासे, म्हणजे नेहमीची आरोग्य विमा कंपनी, मोठ्या माणसांच्या चष्म्याला सहसा हात लावत नाही, डोळ्यांचा दाब तक्रार नसताना तपासायलाही पदरचे मोजावे लागतात, आणि आपली माणसं तर दिवसभर भिंगात डोळे घालून बसलेली. मालकीण म्हणून मी दिलेली ती पहिली सवलत. केवढी मिरवले होते मी! तुला सांगितलं की विमा कंपनी मालकाच्या नातेवाइकांना घेत नाही. तू लगेच मान डोलावलीस. प्रणव, ते खोटं होतं. विम्याचे एजंट झायडल यादी घेऊन बसले होते. त्यांनीच विचारलं, माणसं अकरा, मग नावं दहाच कशी? मी म्हटलं, अकरावा माझा भाऊ, त्याचं पुढच्या वर्षी बघू. त्यांनी खांदे उडवले आणि सही घेतली.

पैशाचा प्रश्न नव्हता रे, शपथ. कुसुममावशीच्या लग्नात मी पहिल्या पंगतीला पानावर जाऊन बसले होते, तर आईने दंडाला धरून उठवलं होतं. आधी पाहुणे, मग घरचे. तू तर भुकेने रडत मांडवातच झोपलास. ते असं हाडात मुरलंय की जर्मनीत कंपनी काढली तरी मी वाढपीच राहिले. मालकिणीने भावाला आधी वाढलं असं कुणी म्हणू नये, एवढीच काळजी. पुढच्या एप्रिलात विम्याची यादी नव्याने झाली, दोन नवी माणसं आली होती, मी त्यांची नावं घातली. तुझं परत राहिलं.

आपल्या वर्कशॉपातल्या फ्राऊ ब्रांडलच्या डोळ्यांचा वाढलेला दाब त्या विम्यातल्या पहिल्याच तपासणीत सापडला. थेंब सुरू झाले आणि आज ती सुईत दोरा ओवते. तिने आनंदाने चेरीचा केक आणला होता. तुला मी दोन तुकडे वाढले होते.

आणि बाबा. तू पुण्याला हॉस्टेलवर होतास, त्यांच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब मी घालायचे. हे घराण्यात उतरतं, मुलांनी तपासून घ्या, असं सांगलीच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. बाबा गेल्यावर मी ती बाटली फेकली आणि ते बोलणंही विसरले. इतकी कशी मी मेली आंधळी!

फेब्रुवारीत तू सायकलसकट उभ्या गाडीवर आदळलास तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं. उजवा गेला, डाव्यात नळीतून बघावं एवढंच उरलं. दोन वर्षं आधी कळतं तर थेंबांवर बरंच वाचलं असतं, हे डॉक्टरांनी आपल्या तिघांसमोर सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी आई फोनवर सुमेधाला फैलावर घेते, बायको असून नवऱ्याच्या डोळ्यांकडे लक्ष नाही म्हणून. ती ऐकून घेते. तूही ऐकतोस. परवा मी तिथेच होते. मीही ऐकलं.

आज सकाळी मी आईला खरं काय ते सांगितलं. तिने फोन ठेवला. पण तुला ते सुमेधाच्याच तोंडून कळायला हवं. सुमेधा, आता थांबू नकोस, वाच. प्रणव, गेल्या वर्षी दिवाळीच्या फराळाला तुम्ही आला होतात, तेव्हा सुमेधाने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, ताई, हे सारखे दारांना धडकतात, मी उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते. मी तिला थांबवलं. म्हटलं, एप्रिलात त्याचं नाव घालतेच आहे, चार-पाच महिन्यांनी काय बिघडतंय? ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मीच नाही म्हटलं. आणि हे तिने तुला आजवर सांगितलेलं नाही, बहीण-भावात फूट पडू नये म्हणून.

तुझीच,
ऊर्मिलाताई