ईद झाली की मूसच्या रानात

अल हिलाल, दोहा
शुक्रवार, १३ जून २००८

प्रिय शहाजी,

जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, फरजाना आणि माहिरा आत एसी लावून झोपल्यात, आणि मी जेवणाच्या टेबलावर तुझ्या कॅनडाचा नकाशा पसरून बसलोय. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडलाय, कुत्रंसुद्धा दिसत नाही. नकाशावर तुझ्या प्रिन्स जॉर्जच्या वर, उत्तरेला, एका लांबोळक्या तळ्याला मी पेन्सिलीनं गोल केलाय. तिथं आपण जाणार आहोत, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मूसच्या शिकारीला. यंदा रमजान सप्टेंबरभर आहे. ईद इथं घरच्यांबरोबर करीन आणि निघेन. व्हिसाचा शिक्का पडलाय, रजा मंजूर झालीय. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "बघू" म्हणतोस आणि बबीतावहिनींच्या हातात रिसीव्हर देतोस. पत्र कुणाच्या हातात देता येत नाही, ते वाचावंच लागतं.

फरजानानं आधी विचारलं, मूस म्हणजे काय. मी तिला तू पहिल्या वर्षी पाठवलेला फोटो दाखवला. घोड्याहून उंच हरीण, पंजे पसरल्यासारखी शिंगं, आणि त्याच्या बाजूला तू, नव्या कोटात, दोन बैलजोड्यांची शर्यत जिंकल्यासारखा. तुझ्या शेजारी डग. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला तुझा शेजारी, ज्यानं तुला बंदूक धरायला शिकवलं, परवान्याच्या परीक्षेला बसवलं आणि जंगलात तासन्‌तास गप्प कसं राहायचं ते दाखवलं. तुला गप्प बसवणारा माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल तेव्हापासूनच आदर आहे. फरजानानं फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "आणि अस्वलं?" म्हटलं, आहेत. "मग तुम्ही काय करणार?" म्हटलं, मी त्याचीच तयारी करतोय.  दुसऱ्या दिवशी कपाटातून माझे सगळे सुती बनियन काढून म्हणाली, हे तिकडे चालणार नाहीत, ओले झाले की वाळत नाहीत, लोकरीचे आणा. म्हणजे तिनंही कुठंतरी चौकशी केली होती. सूक वाकिफच्या जुन्या बाजारात बहिरी ससाण्यांचं सामान विकणाऱ्या दुकानाशेजारी एक इराणी म्हातारा आहे, त्याच्याकडे लोकरीचे मोजे मिळाले. दोह्यात लोकर मागणारा माणूस पाहून त्यानं मला दोनदा नीट न्याहाळलं.

एप्रिलच्या शेवटी, ऊन पेटायच्या आधी, आम्ही तिघं मेसईदच्या पुढे वाळवंटात रंगीत तालीम करून आलो. तंबू लावला. स्वयंपाकाची जागा तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. खाण्याचं सगळं एका पत्र्याच्या पेटीत बंद करून ती पेटी आणखी तिसरीकडे, टूथपेस्ट आणि साबणसुद्धा त्यातच. ज्या कपड्यांत भाजी फोडणीला टाकली ते कपडे तंबूत न्यायचे नाहीत, हा नियम मी जाहीर केला तेव्हा माहिरा वाळूवर बसकण मारून म्हणाली, "अब्बा, देअर आर नो बेअर्स इन कतार." मी म्हटलं, म्हणूनच इथं शिकून घ्यायचं. चुकलो तर फक्त उंट येईल. आणि खरोखरच पहाटे एक उंट आला. त्यानं पेटी हुंगली, पायानं ढकलली, आणि तोंड वाकडं करून निघून गेला. पेटी उघडली नाही. माहिरानं मला पास केलं.

मी नुसत्या पुस्तकावरून हे करतोय असं समजू नकोस. मी डगला फोन केला. नंबर वहिनींकडून घेतला. तो आता मुलीकडे, कॅमलूप्सला असतो, ते तुला माहीत असणारच. माझं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी ही दोन वेगळी इंग्रजी आहेत, पण आमचं जमलं. आता दर पंधरा दिवसांनी बोलतो. तळं त्यानंच निवडलं. लाकूडवाल्यांच्या रस्त्यानं तळ्याच्या दक्षिण टोकापर्यंत ट्रक जातो, पुढे त्याची होडी. पश्चिमेच्या काठावर विलोची झुडपं आणि दलदल, तिथं नर उतरतात. तंबू उघड्या खडकाळ टोकावर, चारी बाजूंनी दिसेल असा, आणि त्याच्याभोवती बॅटरीवर चालणारी विजेची तार. जनरेटर आणि तारा हा माझा धंदा, त्यामुळे ती जबाबदारी माझी. बंदूक एकच, तुझी. परवाना तुझ्या नावावर. मी पाहुणा, मला गोळी झाडायचा हक्क नाही आणि हौसही नाही. माझ्या कमरेला अस्वल हटवायचा मिरचीचा फवारा. तू पडलेल्या मूसवर चाकू चालवत असशील तेव्हा मी तुझ्याकडे पाठ करून जंगलाकडे बघत उभा राहणार. हात दुखले की अदलाबदल. दर बकरी ईदला मामूंच्या हाताखाली काम केलेलं आहे, सांधा कुठं सुटतो ते मला कळतं. दुपार कलल्यावर कितीही मोठा नर समोर आला तरी गोळी झाडायची नाही, कारण पाडलेला प्राणी उजेडातच होडीत गेला पाहिजे, सगळाच्या सगळा. हा नियम डगचा आहे आणि त्यात सूट नाही.

आणखी एक. डग स्वतः येतोय. मी विचारलं नव्हतं. मी विचारत होतो की मूसच्या मादीचा आवाज काढायला आम्हांला कोण शिकवणार, तर तो म्हणाला, "हात गेला, घसा आहे." आणि फोनवरच त्यानं तो आवाज काढून दाखवला. मी स्पीकर लावला होता. फरजाना आतून धावत आली, तिला वाटलं खाली कुणाची तरी म्हैस अडलीय. अल हिलालमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही इतके हसलो की डगला तिकडे काही कळेना.

खाण्याचं सांगतो. तुझ्या गोळीनं पडलेला मूस मला चालणार नाही, हे तुला ठाऊक आहे, आणि तू त्यावर जी थट्टा करणार आहेस तीही मला ठाऊक आहे. मी डाळ-भात, अंडी आणि खजूर यांवर खुशाल राहीन. आईनं म्हसळ्याहून माझ्यासाठी सोडे आणि सुके बोंबील पाठवले होते, ते मात्र फरजानानं परस्पर बाजूला काढले. म्हणाली, हे घेऊन गेलात तर अस्वलाला पत्ता विचारायचीसुद्धा गरज नाही. बोंबलाशिवाय आठवडा काढणं हा या मोहिमेतला खरा धोका आहे, बाकी सगळ्याचा बंदोबस्त झालाय.

परवा कामावरून येताना पर्लच्या बाजूला गेलो होतो. समुद्रात भराव टाकून त्यांनी बेट केलंय, त्यावर इमारती उभ्या राहताहेत. आमच्या कंपनीचे जनरेटर आहेत तिथं. एका नवीन पोराला टँकर वळवता येत नव्हता, आणि मला तू आठवलास. नव्याण्णव साल आठवलं. आपण दोघं दक्षिणेकडच्या सर्व्हे कॅम्पवर, एका पोर्टा-केबिनमध्ये. तू पाण्याचा टँकर चालवायचास, मी जनरेटर बघायचो. त्या फेब्रुवारीत मी पिकअप घेऊन टेकाडावर चढलो आणि पलीकडच्या उतारावर गाडी उलटली. गळ्याचं हाड मोडलं. ते सांधलं, पण त्यानंतर मला वाळूवर जाणाऱ्या कुठल्याच गाडीत बसवेना.  मी साहेबाला सांगून दोह्याच्या वर्कशॉपमध्ये बदली मागितली होती, तुला न सांगता. तुला कळलं कसं कोण जाणे. एका शुक्रवारी तू आलास, म्हणालास, चल, कडक चहा पाजतो. चहाचं हॉटेल मागे गेलं, डांबर संपलं, आणि तू मला थेट त्या टेकाडावर नेऊन उभं केलंस. मी तुला कोकणीतल्या आणि उर्दूतल्या सगळ्या शिव्या दिल्या. तू इंजिन बंद केलंस आणि म्हणालास, "उतरू नको. नुसतं बघ. वाळू हाय ती. तिचं तुझ्याशी काय वैर न्हाई." त्या दिवशी मी नुसता बसून राहिलो. पुढच्या शुक्रवारी गाडी मी चालवली. वर्कशॉपला गेलो नाही. पुढे जे काही मिळवलं, सुपरवायझर झालो, कुटुंब इथं आणलं, ते सगळं त्या टेकाडाच्या पलीकडचं आहे.

आता त्या गोष्टीबद्दल, जिच्याबद्दल तू मला फक्त "डगला लागलंय" एवढंच सांगितलं होतंस. बाकीचं मला वहिनींनी सांगितलं. मागच्याच्या मागच्या वर्षी ऑक्टोबरात तुम्ही दोघांनी संध्याकाळी मूस पाडला. अर्धं मांस होडीत नेलं, अंधार पडला म्हणून उरलेलं झाकून ठेवलं. सकाळी गेलात तर त्यावर माती ओढून ग्रिझली अस्वल बसलं होतं. ते डगवर आलं. तू पळाला नाहीस. जवळ जाऊन फवारा त्याच्या तोंडावर मारलास, ते हटलं, आणि डगला पाठीवर घेऊन तू होडीपर्यंत आलास. त्याचा उजवा हात गेला, जीव राहिला. त्यानंतर तू जंगलात गेला नाहीस. मग तुझे फोन कमी झाले. मी तेव्हा समजलो, हिवाळा असेल, काम असेल.

डग मला काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगतो, कारण त्यानं सांगायला लावलंय. तो म्हणाला, "त्या संध्याकाळी शहाजी म्हणत होता, बॅटरी लावून सगळं आत्ताच नेऊ. मीच म्हटलं, दमलो, सकाळी बघू. चाळीस वर्षं शिकार केलेला माणूस मी, आणि ऐकायला हवं होतं मी त्याचं. हे मी त्याला हॉस्पिटलात सांगितलं, पण त्याच्या कानात ते शिरलं असं मला वाटत नाही. आता तो माझा फोनच घेत नाही. त्याला वाटतं, माझ्या हाताकडे बघून मला त्याचा राग येत असेल. मी या हाताकडे बघतो तेव्हा मला एवढंच दिसतं की मी जिवंत आहे." एवढं बोलून तो तारेच्या बॅटरीचं विचारू लागला.

हे सगळं आता का लिहितोय, ते सांगतो. एप्रिलमध्ये वहिनींचा फोन आला. त्या रडल्या नाहीत, तक्रार केली नाही. एवढंच सांगितलं की तू मार्चपासून ट्रक चालवणं सोडलंयस, गाडीच्या किल्लीला हात लावत नाहीस, आणि येत्या हिवाळ्याच्या आत घर विकून गावी, भूमला परत जायचं ठरवलंयस. त्यांना प्रिन्स जॉर्जलाच राहायचं आहे, हॉस्पिटलातलं काम त्यांना आवडतं, पण तेही त्यांनी मी विचारल्यावरच सांगितलं. तुला समजवा असं त्या म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "भाई, हे ठरवलंय ते यांनीच ठरवलंय का?" त्याचं उत्तर तुझ्याकडूनच घ्यायचं म्हणून दुसऱ्या दिवशी मी व्हिसाचा अर्ज आणायला गेलो. शहाजी, गावाची ओढ काय असते ते मला शिकवू नकोस, मी म्हसळ्याचा आहे. तुला भूमला जायचं असेल तर जा, मी मुंबईला तुला उतरवून घ्यायला येईन. पण अस्वलानं हाकललं म्हणून जाऊ नकोस. आधी त्या तळ्यावर चल. मूस मिळो न मिळो, तंबूत झोप, सकाळी उठ, चहा घे, आणि मग ठरव. जे ठरवशील त्याला मी हूं का चूं करणार नाही. माझं विमान चार तारखेला दुपारी प्रिन्स जॉर्जला उतरेल. डग आदल्या दिवशी बसनं तुमच्याकडे येतोय, त्याला गाडी चालवायची परवानगी नाही, आणि मला बर्फाच्या रस्त्याचं काही कळत नाही. तेव्हा तळ्यापर्यंतचा ट्रक तुलाच चालवावा लागणार आहे, आणि नाही चालवलास तर आम्ही दोघं म्हातारे तुझ्या दारातल्या गवतावर विजेची तार लावून तंबू ठोकू आणि डग रोज सकाळी मूसच्या मादीचा आवाज काढेल. विमानतळावर वहिनींना पाठवू नकोस. तू ये.

तुझी वाट बघणारा, तुझाच
मुदस्सिर