ब्रेक मारला की बसणारा ट्रक

बाबा, परवा शेजारच्या माणसाचा टेम्पो आमच्या गल्लीच्या तोंडाशी ब्रेक मारला की बंद पडत होता. मी भाजी निवडता निवडता खिडकीतूनच विचारलं, टाकीत डिझेल किती आहे? तो माझ्याकडे बघतच राहिला. कचेरीत फायली सरकवणाऱ्या बाईला टाकीशी काय देणंघेणं, असं त्याला वाटलं असणार. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्याकडून मी नीट शिकले ती एवढी एकच गोष्ट, असं म्हटलं तर तुम्ही चिडाल. चिडा.

तो ट्रक तुम्ही नव्वदच्या आसपास मेंढरं विकून घेतला, जुनाच. धाकट्या काकांनी आपल्या वाट्याची मेंढरं राखली आणि तुमच्याशी बोलणं टाकलं. तुमचं म्हणणं सरळ होतं, मेंढरांमागं फिरत राहिलो तर पोरगी शिकणार नाही. म्हणून हिंगोलीत भाड्याची खोली, माझी शाळा, आणि पुसेगावकडून हळदीची पोती मोंढ्याच्या बाजारात आणायचं काम. ट्रक चालला तर शाळा, नाही तर परत काकांच्या कळपामागं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

मी आठवीत गेले त्या वर्षी ट्रकनं खोड धरली. रस्त्यावर पळताना काही नाही, पण थांबायला ब्रेक मारला की इंजिन धाप टाकून गप्प. वाटेत नरसीला देवदर्शनाची माणसं रस्ता ओलांडायला लागली की बंद, मोंढ्याच्या फाटकात बंद. मग तुम्ही उतरून इंजिनाचा डिझेलचा हातपंप मारायचात, पाईपात शिरलेली हवा काढायचात आणि मागच्या बैलगाडीवाल्यांच्या शिव्या खायचात. मिस्त्रीनं एकदा फिल्टर बदलला, एकदा रेस वाढवून दिली, एकदा तर पंपच खोलला. दरवेळी ट्रक चार दिवस शहाण्यासारखा वागायचा आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

ऐन हंगामात तो भरल्या पोत्यांसकट फाटकातच बसला. ज्याची हळद होती तो अडत्या तरातरा बाहेर आला.

"पुन्हा फाटक अडवलं तर मी दुसरी गाडी लावीन. मंग म्हनू नका, सांगितलं न्हाई."

"एक डाव सांभाळून घ्या मालक," तुम्ही म्हणालात. घरी आल्यावर आईला म्हणालात, "पोरीचं नाव काढावं लागतंय शाळेतून." आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही. तुम्ही जेवला नाहीत.

सकाळी मी बाहेर आले तेव्हा तुम्ही ट्रकसमोर उकिडवे बसला होतात, आजारी जनावरासमोर बसावं तसे. मिस्त्री आला तरी उठला नाहीत.

"मेंढरू बसलं की आमी पयलं काय पाहतो? त्याचं पोट भरलेलं हाय का रिकामं. हे पोट भरलेलं असलं की बसत न्हाई."

"अरे चाचा, गाडी है ये, बकरी नहीं," मिस्त्री हसला.

पण तुमचं बराबर होतं. दुरुस्तीहून परतलेल्या ट्रकला तुम्ही दरवेळी टाकी भरून डिझेल पाजायचात, दुखण्यातून उठलेल्या मेंढराला दाणा चारतात तसं. एरवी थोडं थोडं. म्हणजे गुण मिस्त्रीच्या हाताला नव्हता, तुमच्या पाहुणचाराला होता. टाकी उतरवली. आत डिझेल ओढणारी नळी तळापासून थोडी वर चिरलेली निघाली. डिझेल कमी असताना ब्रेक मारला की ते पुढं सरकायचं, चीर उघडी पडायची आणि इंजिन डिझेलऐवजी हवा ओढायचं. नवी नळी बसवली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मुद्दाम टाकी भरत नाही, मला शेजारी बसवता आणि नरसीला नेता. माणसं रस्ता ओलांडतायत. तुम्ही ब्रेक मारता. ट्रक थांबतो आणि इंजिन सुरूच राहतं. "आयक, आयक!" म्हणून तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारता आणि मला रडू फुटतं. तुम्ही कडेच्या दुकानातून पेढे घेता, दुकानदाराला सांगता, "लेकरू खुशीनं रडून राहिलं. शाळा वाचली न तिची." मग हाच किस्सा तुम्ही माझ्या लग्नात सांगितलात, माझ्या सासऱ्यांना सांगितलात, शेवटी दवाखान्यात नर्सलाही सांगितलात.

बाबा, ते खुशीचं रडणं नव्हतं. मला काकांच्या कळपामागं जायचं होतं. वर्गात माझा जीव कोंडायचा, आणि फाटकात ट्रक बसला त्या दिवशी मी मनातल्या मनात नवस बोलले होते की हा असाच राहू दे. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. नोकरी लागली, माझी पोरं शिकली, सगळं तुम्ही म्हणालात तसंच झालं. पण पाठवायची सोय असती तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. घरात कुणी तो किस्सा काढला आणि माझ्याकडे बघितलं की मी अजूनही म्हणते, व्हय, खुशीनंच रडले होते.