बागेच्या पडद्यावरची फुलं

बाबा, तुमचा बागेचा पडदा महिनाभर माझ्या घरी होता आणि परवा तो परत गेला. तेव्हापासून एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून राहून मनात येते आहे. तुम्ही समोर असता तर ती सांगायची माझी छाती झाली नसती. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली, हा कागद कुठेही जायचा नाही, म्हणूनच लिहायला बसले आहे. आज रविवार आहे. खरं तर ही वेळ माझी चित्राची. खिडकीबाहेर जास्वंद उमलून वाट पाहते आहे आणि संध्याकाळपर्यंत ती मिटून जाईल, पण आज तिला थांबू दे.

तुम्ही झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, हे आता चामोर्शीतसुद्धा नव्या माणसांना समजावून सांगावं लागतं. दिवाळीनंतर गावोगाव नाटकं सुरू होत, म्हणून त्याआधी, धान अजून बांधीत, म्हणजे भातशेतात, उभं असताना, आपलं रिकामं खळं हा तुमचा कारखाना होई. मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेलं ते एवढं मोठं कापड खळ्यावर अंथरायचं, कडांवर दगड ठेवायचे, त्यावर खडू आणि सरसाचा हात मारायचा, आणि ते वाळलं की भुकटीचे रंग सरसात कालवून तुम्ही अनवाणी त्या कापडावरच उतरायचे. राजवाडा, जंगल, गावाचा रस्ता आणि बाग, हे चार पडदे प्रत्येक कंपनीला लागतच. सरस उकळायला तुम्ही हळूच आईच्या चुलीचा आधार घ्यायचे. त्याचा वास घरभर झाला की आई पळी हातात घेऊनच बाहेर येई. "सैपाकाच्या चुलीवर मेल्या जनावराचं कातडं काऊन शिजवून राह्यले? तुमच्या राजाले बाग पायजे, मले तं जेवाले घर पायजे." तुम्ही भांडं उचलून मागच्या दारी तीन दगडांवर नेऊन ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपाशी. तुमचा हा निगरगट्टपणा माझ्यात पुरेपूर उतरलाय, असं माझे शाळेतले सहकारी सांगतील.

बागेच्या पडद्यावरची पानं मी काढायची आणि फुलं तुम्ही, अशी वाटणी होती. मला ती मान्य नव्हती. तुमची फुलं मला खोटी वाटायची. गुलाबही तसाच, झेंडूही तसाच, कारंज्याच्या बाजूला लाल आणि कमानीवर पिवळा, एवढाच काय तो फरक. ब्रशाचा एक गडद वळसा, त्यावर एक उजळ वळसा, डावीकडे पांढऱ्याचा एक ठिपका, झालं फूल. मी नववीत होते आणि मला सगळं कळत होतं. एका दुपारी तुम्ही बाजाराला गेलात तेव्हा मी आपल्या दारची जास्वंद तोडून आणली, समोर ठेवली आणि कारंज्याच्या शेजारी ती हुबेहूब उतरवली. पाकळीच्या शिरा, मधला तुरा, तुऱ्यावरचे पिवळे कण, खालच्या पाकळीला पडलेलं छिद्रसुद्धा. दोन तास लागले. कापडावर पालथी पडून काढत होते, त्यामुळे कोपरं खडूने पांढरी झाली होती.

तुम्ही आलात, सायकल लावली, पडद्यापाशी उभे राहिलात. मग पाठ फिरवलीत आणि खळं ओलांडून पार पलीकडच्या चिंचेखाली गेलात. तिथून हाक मारलीत. "पोरी, इकडं ये. आता इथून पाह्य अन् सांग, का दिसते?" मी पाहिलं. तुमची सगळी फुलं लख्ख दिसत होती आणि माझी जास्वंद एक तांबडा डाग झाली होती. तुम्ही म्हणालात, "राजाच्या बागेत पान खाऊन कोन थुकलं?" शेजारचे दोघे जण कुंपण बांधत होते, ते हसले. मग थोडं मऊ होऊन तुम्ही म्हणालात, "आखरी रांगेत बसलेला मानूस बी आपलं काम सोडून येते. त्याले फूल दिसलं पायजे. कोनतं फूल, ते त्याचं तो ठरवते, आपल्या घरच्या फुलावानी." पण ते मऊ बोलणं मी ऐकलंच नाही. मी थुंकीवरच अडून बसले. तुम्ही माझ्या जास्वंदीवर खडूचा हात फिरवलात, ती जागा वाळल्यावर चार वळशांत तुमचं फूल काढलंत, आणि त्यानंतर आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. फुलाला तर पुढे कधी हातच लावला नाही. मानभावीपणे पानं काढत राहिले, अगदी मोजून मापून, तुम्हाला टोचेल अशी.

मला नोकरी लागली ती भामरागडच्या बाजूला, आश्रमशाळेत. आई रडत होती. तुम्ही एसटी स्टँडवर आलात आणि गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून एक कापडी गाठोडं आत ढकललंत. "चंद्रपूरच्या दुकानदारानं चुकीचा रंग देल्ला. पान्यात फुटत नाई. तेलाचा हाय मने. माह्या काई कामाचा नाई, तूच घेऊन जाय." आत बारा नळ्यांची पेटी होती. मला वाटलं, वा, टाकाऊ माल लेकीच्या गळ्यात. मी ते गाठोडं ट्रंकेच्या तळाशी टाकलं आणि वर पुस्तकं रचली.

त्या वर्षी श्रावणात नदीने रस्ता बंद केला. गाडी नाही, टपाल नाही, निम्मी मुलं घरी अडकलेली. शाळेच्या पुढच्या वाफ्यात कर्दळी मात्र अशा माजल्या होत्या की विचारू नका. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कंटाळून ट्रंक उपसली आणि तुमचं गाठोडं पहिल्यांदा नीट सोडलं. बाबा, ते ज्यात बांधलं होतं तो नुसता फडका नव्हता. मांजरपाटाचे सात तुकडे होते, पाटीएवढे, कडा दुमडून शिवलेले, आणि प्रत्येकावर खडू-सरसाचा हात मारून, वाळवून, घासून गुळगुळीत केलेला. मी बराच वेळ ते तुकडे हातात घेऊन बसले. चुकून आलेल्या रंगासाठी कोणी कापड तयार करून ठेवत नाही. आणि पाण्याचा रंग कोणता, तेलाचा कोणता, हे जन्मभर रंगात बुडालेल्या माणसाला दुकानदाराने सांगावं लागत नाही. जवळून बघायची फुलं मी काढावीत म्हणून तुम्ही ती पेटी मुद्दाम आणली होती आणि वर खोटंही बोललात, कारण मुद्दाम आणली म्हटलं असतं तर मी ती घेतली नसती. मला माझ्यापेक्षा तुम्ही जास्त ओळखून होता. त्या दिवशी मी पोटभर रडले.

रंग होता, कापड होतं, पण तो पातळ करायला काही नव्हतं. तेलाचा रंग आहे ना, मग तेल घालावं, एवढी अक्कल मला होती. स्वयंपाकघरात घाण्याचं जवसाचं तेल होतं. स्वयंपाकाची बाई माडिया आदिवासी होती, तिने मला वाटीत तेल ओतताना पाहिलं. "मॅडम, हे तेल भाजीत टाकाचं हाय. फुलाले काऊन पाजून राह्यल्या?" मी सढळ हाताने पाजलं. कर्दळ झकास उतरली. पण दसरा आला तरी ती काही वाळेना. पावसाळी हवा, त्यात कच्चं तेल. लाल पाकळीवर मुंग्यांची रांग लागली, चार डास आणि एक पतंग कायमचे चिकटले. ती बाई रोज येऊन बोट लावून बघे आणि बोट पदराला पुसत म्हणे, "तुमचा पुंगार अजून कच्चाच हाय." पुंगार म्हणजे त्यांच्या भाषेत फूल. ते चित्र मी तुम्हाला दिवाळीत दाखवलं, आठवतं? तुम्ही ते डोळ्यांजवळ नेलंत, वास घेतलात आणि म्हणालात, "याले फोडणी कोनं देल्ली?" पण मग तुम्ही मागे सरला नाहीत. दूर जाऊन पाहिलं नाहीत. हात लांबही न करता, नाकासमोर धरून, पाकळीन् पाकळी पाहत होता. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. मला तुकड्यांचं कळलं, एवढं तरी. मी म्हणाले, चहा घेता का.

तेव्हापासून फुलं काढणं सुटलं नाही, बाबा. बदली चामोर्शीला झाली, अंगण मिळालं, आणि अंगणात मी खायचं काही लावत नाही, नुसती फुलं लावते, म्हणून शेजारणी मला येडी समजतात. गुलबक्षी चारनंतर उमलते, शाळा सुटून मी येते तीही त्याच सुमाराला, म्हणून कामाच्या दिवसांत तिचा मान. जास्वंद रविवारची. झेंडूचा पिवळा उठायला त्याखाली आधी तपकिरी लागतो, हे कळायला मला दोन दसरे गेले. आधी पातळ रंग, मग जाड, हे कळायला त्याहून जास्त. शेवंती अजून जमत नाही. कोणाला विकत नाही, कुठे लावत नाही. शाळेत मुलांच्या वह्या, कार्यालयाचे कागद, वरच्यांची बोलणी, हे सगळं ज्या दिवशी नकोसं होतं, त्या दिवशीही तासभर एका फुलासमोर बसले की मी माणसात येते. हा तास तुम्ही मला दिलात. आई गेली त्या महिन्यात मी रोज सदाफुली काढत होते, दुसरं काहीच सुचत नव्हतं. बाकी कोणी काय दिलं ते देवाला ठाऊक, पण मी उभी राहिले ती या तासाच्या आधाराने, हे तुम्हाला आज सरळ सांगते.

आणि आता गेल्या महिन्याचं. नाटक कंपनीचे व्यवस्थापक घरी आले, तुम्ही पाहिलेल्या मालकांचा मुलगा, आता त्यांचेही केस पिकलेत. पडदा त्यांनी ओट्यावर टेकवला. "बाई, आता समदे फ्लेक्स लावतात. हवा आली का फडफडते, अन् राजा फोटोच्या दुकानात उभा असल्यावानी दिसते. यंदा एक जुनं नाटक घेतलं, तं म्हटलं बाबाचाच पडदा लावू. एवढाच उरला. कोपरा उंदरानं खाल्ला. तुमी फुलं काढता मने." मी हो म्हणाले. हो म्हणून तर बसले, पण मनात पहिला विचार आला तो हा, की आता तुम्ही अडवायला नाही. मी त्या बागेत खरं फूल लावू शकते.

मांजरपाटाचं ठिगळ लावलं. सरस उकळला, माझ्याच चुलीवर, आणि स्वतःवरच ओरडले. घरामागे दोरीवर पडदा टांगला आणि कुंपणापर्यंत मागे जाऊन पाहिलं. बाबा, तो अजून तसाच उभा आहे. रंग उडालाय, घड्यांवर कापड फाटलंय, पण कमानीवरचं प्रत्येक फूल कुंपणापाशी येऊन पोचतं. तिथे उभी राहिल्यावर मला त्यात आपल्या दारची जास्वंद दिसली, आणि जरा डोळे बारीक केल्यावर भामरागडची कर्दळही. तुम्ही सांगितलेलं मला कळायला एवढी वर्षं लागली. खऱ्या फुलाचा विचार मी तिथेच सोडला. ठरवलं, ठिगळावर तुमचंच फूल काढायचं.

आणि ते मला येईना. एक गडद वळसा, एक उजळ, एक ठिपका, त्यात काय मोठंसं, असं म्हणत बसले होते. सराव करता करता वर्तमानपत्रांची रद्दी संपली. माझा हात प्रत्येक वेळी अडून विचारतो, कोणतं फूल? पाकळ्या किती? तुमचा हात काही न विचारता वळायचा. आठवड्याभराने कशीबशी पाच फुलं ठिगळावर घातली. जवळून बरी दिसतात. कुंपणापासून पाहिलं तर भेदरलेली, पाहुण्यांच्या घरात कोपऱ्यात बसलेल्या पोरींसारखी. तशीच ठेवली. कारंज्याशेजारचा तुमचा तो मोठा लाल गुलाब मात्र त्यांच्याकडे न बघता ऐटीत बसलेला.

परवा व्यवस्थापक पडदा न्यायला आले. मागे, अगदी कुंपणाला टेकून उभे राहिले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाई, यातली तुमची कोनती?" ठिगळाकडे बोट दाखवायचं, एवढंच काम होतं. मी तुमच्या गुलाबाकडे दाखवलं. ते मान हलवत म्हणाले, "वाटलंच मले. बापाचा हात जसाचा तसा उतरला हाय तुमच्यात."

मी पडद्याची एक बाजू धरून त्यांना गुंडाळायला मदत केली. परवापासून आजपर्यंत त्यांचा दोनदा फोन आला, आणि दोन्ही वेळा मी खरं सांगितलं नाही.