जुव्याच्या गावात बारा दिवस

९ मे २००४, रविवार

पोचलो एकदाचे अमेरिकेत, नयनकडे! पाय सुजून बुटात मावत नाहीत, डोळे मिटताहेत, पण लिहिल्याशिवाय झोपायचं नाही असं ठरवलं आहे.

विमानतळावर सामान यायच्या आधीच जुव्याची मशीनं! ओळीनं मांडलेली, लखलख करणारी, टणाटण वाजणारी. हे जागीच उभे राहिले. "हे काय होय, नयन?" नयन म्हणाला, "बाबा, तुम्ही बॅगकडे पाहा." मग यांनी मशीनांकडे पाठ केली ती अशी केली, की आमची बॅग पट्ट्यावरून दोनदा समोरून फिरून गेली तरी दिसली नाही.

या वहीत मी यांना बापूराव म्हणणार आहे. तेहतीस वर्षं घरात "अहो" आणि बाहेर "हे". इथे सातासमुद्रापार कोण ऐकतंय? बापूराव. बापूराव! बरं वाटलं.

१० मे

ऊन एकशे चार म्हणे! मी घाबरलेच. रक्षानं – सूनबाईनं – आम्हाला टोप्या, गॉगल, पाण्याच्या बाटल्या असं सगळं लादून दिलं. नंतर नयननं हिशेब सांगितला – आपले चाळीस. आमच्या गावी, सिंदीला, आज सेहेचाळीस असतील. बापूराव टोपी काढून हिंडले.

रक्षा गोड आहे. जन्म गुजराती घरातला, वाढली इथेच, आईवडिलांचं मोटेल आहे. आमच्याशी हिंदीत बोलते आणि मध्येच "हो ना वं आई" म्हणते. ते तिला नयननं शिकवलं आहे. पोट्टा बदमाश आहे.

आज नाचणारी कारंजी पाहिली. तळं केवढं, आणि पाणी पार वरपर्यंत उडतं, गाण्यावर! सगळे टाळ्या वाजवत होते. बापूराव कठड्याला धरून उभे. "आपल्या गावाले तिसऱ्या दिवशी नळ येते. अन् हे पाणी उडवून राह्यले!" रागावून म्हणाले – आणि चार खेळ पाहिले. हलायलाच तयार नाहीत.

११ मे

बापूरावांची अट होती. सिंदीहून निघतानाच घातलेली – "जुव्याच्या अड्ड्यात पाय ठेवणार नाई." नयन म्हणाला होता, बाबा, अड्ड्यांचा तो एकच रस्ता आहे, बाकी गाव आपल्यासारखंच.

आता गंमत अशी, की इथे काहीही पाहायचं तर अड्ड्यातूनच जावं लागतं. सिंह पाहायचे – अड्ड्यातून. फुलांची बाग – अड्ड्यातून. साधी मोरी शोधायची तरी दोनशे मशीनांमधून! बापूरावांनी यावर तोड काढली. खाली मान घालून फक्त गालिच्याकडे पाहत चालतात. मी पुढे, ते माझा पदर धरून मागे. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा! संध्याकाळी मला सांगत होते, कोणत्या हॉटेलच्या गालिच्यावर कोणती फुलं आहेत.

हसते आहे मी, पण त्यांचं हे काही नाटक नाही. आमच्याकडे पोळ्याला पत्त्यांचे डाव बसतात. बैलांचा सण, बैल आपले घरी उभे आणि मालक गोठ्यात जुव्याला! दरवर्षी बापूराव बॅटरी घेऊन निघतात, डाव उधळतात, वेळ पडली तर पोलिसांना घेऊन येतात. अकरा वर्षांपूर्वी असाच एक डाव सापडला तो नानाजींच्या गोठ्यात. नानाजी म्हणजे माझे सख्खे धाकटे दीर. घराची मधली भिंत एक. त्या दिवसापासून बापूराव त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. पुतणीच्या लग्नालाही गेले नाहीत. मी गेले – मागच्या दारानं.

१२ मे

आज एका हॉटेलच्या आत अख्खं परदेशी गाव! कालवे, नावा, नावाडी गाणी म्हणतात, आणि वर छताला आभाळ रंगवलेलं. इतकं खरं, की बापूराव म्हणाले, "चला आता, सांज झाली, अंधार पडन." दुपारचे बारा वाजले होते! रक्षा हसून हसून खाली बसली. बापूरावही हसले. किती दिवसांनी!

जेवताना एक नवीनच पाहिलं. नयननं आमटीचं भांडं मांडलं आणि दोन्ही तळवे एकदा टप्प करून वाजवले, उलटे-सुलटे करून दाखवले, मग बसला. कालही असंच केलं होतं. बापूरावांनी विचारलं, तर रक्षा पटकन म्हणाली, "आदत है, पापा. साफ-सफाई." बापूराव खूश! "चांगली सवय आहे. हात मोकळे आहेत ते दिसते. मी दुकानात सुरू करतो." किराणा तोलून झाल्यावर गिऱ्हाइकासमोर टाळी! सिंदीत लोक काय म्हणतील!

१३ मे, गुरुवार

काय लिहू.

चालून चालून गुडघे गेले होते. या एवढ्या महालांत बसायला एक बाक नाही! खुर्च्या आहेत त्या फक्त मशीनांसमोर. शेवटी बसले एकीवर, मशीनकडे पाठ करून. बापूराव गालिच्याकडे पाहत, "ऊठ वं, कोनी पाह्यन" करत होते. सिंदीचं कोण पाहणार होतं इथे!

समोर पत्त्यांचं टेबल. वाटणारी एक बाई, पांढरा सदरा, काळी पँट. तिची पाळी संपली असावी. दुसरा माणूस आला, तशी तिनं दोन्ही तळवे टप्प करून वाजवले, उलटे-सुलटे करून दाखवले, आणि गेली.

हीच टाळी, आमटीच्या भांड्याशी!

नयनचा पांढरा सदरा. खुंटीवरच्या तीन काळ्या पँटी. बारीक कापलेली नखं. "हॉटेल लाइनमध्ये आहे आई, मोठं हॉटेल आहे."

बापूराव मोरीत गेले तेव्हा रक्षाला धरलं. ती रडायलाच लागली. "मम्मी, पापा को मत बताना. प्लीज." नयन होता ती कॉम्प्युटरची कंपनी तीन वर्षांपूर्वीच बंद झाली. आठ महिने पोरगा घरी होता. मग पत्ते वाटायचं शिकला. "खेलते नहीं मम्मी, एक बार भी नहीं."

मला राग आला नाही. लाज वाटली. खरं तेच लिहिते, वहीशी काय खोटं बोलायचं. माझा मुलगा जुव्याच्या अड्ड्यावर!

१४ मे

सकाळी बापूराव फिरायला गेले तेव्हा नयनला स्वयंपाकघरात गाठलं. तो कांदा चिरत होता. वर पाहिलंच नाही.

"आई, पत्ते वाटतो. घड्याळ लावून काम आहे. वर कॅमेरे आहेत. एक पत्ता इकडचा तिकडे नाही."

"मंग बाबाले सांग ना."

"सांगितलं तर माझा नानाकाका होईल."

त्यानं चिरलेला कांदा पुन्हा चिरायला घेतला. "नानाकाका निदान भिंतीपलीकडे राहतात. त्यांचा खोकला तरी ऐकू येतो बाबांना. माझं काय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कांद्याचं म्हणाला. मी काही सांगणार नाही कोणाला. ठरलं.

१५ मे

ठरवणं सोपं, निभावणं कठीण! बापूरावांनी आज नवीन टुमणं काढलं आहे – "नयनचं हॉटेल पाहाचं आहे."

मी म्हटलं, रंगकाम चालू आहे. रक्षानं त्याच वेळी सांगितलं, बंद है पापा, छुट्टी है. नयन म्हणाला, लांब आहे फार. तीन माणसं, तीन उत्तरं! बापूरावांनी आळीपाळीनं तिघांकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

मग घाईघाईनं धरणावर नेलं. देवानंच बुद्धी दिली! आमचं बोर धरण आडवं पसरलेलं, हे डोंगराच्या सांदीत उभंच्या उभं. बापूराव विसरलेच सगळं. दारं किती, पाणी किती, कोणत्या गावाला किती, असं विचारून त्या माहिती देणाऱ्या पोरीला भंडावून सोडलं. ती इंग्रजीत सांगते, हे वऱ्हाडीत विचारतात. मधे नयन घामाघूम.

१६ मे

जेवणाचा मोठा हॉल. एकदा पैसे भरा, हवं तेवढं खा. दीडशे पदार्थ आणि आमच्या खायचे नऊ. बापूराव कलिंगडाच्या सात बशा! "भरले आहेत ना पैसे?" एका म्हाताऱ्या गोरीनं कौतुकानं त्यांचा फोटो काढला. त्यांनी खिशातून कंगवा काढून आधी भांग नीट केला!

मी पाच वेळा विचारलं, पोट ठीक आहे ना?

१७ मे

नयनची सुट्टी संपली. दुपारी कामाला गेला. जाताना बापूरावांच्या पाया पडला, रोज पडत नाही.

आणि व्हायचं तेच झालं. बापूरावांचं पोट बिघडलं. "तुमी जा दोघी, मी पडून राह्यतो." रक्षा आणि मी बाजारात गेलो. सगळ्यांसाठी काहीतरी घेतलं. नानाजींना एक चाकू घेतला, सात पात्यांचा. तो कसा द्यायचा ते नंतर पाहू.

सातला परत आलो तर घरात कोणी नाही! माझा जीव वरखाली. साडेसातला आले. "बाजूच्या बगीच्यात बसलो होतो. हवेनं बरं वाटते." थोडा दहीभात खाल्ला. मी ओवा दिला.

१८ मे

पोट बरं आहे. हॉटेल पाहायचं टुमणंही बंद! मी मनातल्या मनात कलिंगडाला हात जोडले.

आज खोट्या पॅरिसचा खोटा मनोरा चढलो. वरून सगळं गाव दिसलं. चारी बाजूंनी नुसती रेती, आणि मध्येच हा लखलखाट. बापूराव बराच वेळ कठड्याशी होते. "लय लोकं पोट भरते इथं," म्हणाले. मी म्हटलं, आणि लय लोकं रिकामे होते. त्यावर हसले नाहीत.

उतरताना पदर धरला नाही. नीट समोर पाहत चालले. सवय झाली असेल.

२० मे

निघालो. विमानतळावर रक्षा गळ्यात पडून रडली, "आई, पुन्हा येजो" म्हणाली, अगदी आपल्यासारखं. बापूरावांनी नयनचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आमच्याकडे बाप मुलाचा हात असा धरत नाही. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

विमानात बसल्यावर मोठा श्वास घेतला. जिंकले! बारा दिवस, आणि बापूरावांना काही कळलं नाही.

२३ मे

सिंदी. सेहेचाळीस. नळ नाही. छान झोप लागली.

२८ मे

गावातल्या व्यापाऱ्यांनी बापूरावांचा सत्कार ठेवला आहे, रविवारी, मंदिराच्या सभामंडपात. अमेरिकेला जाऊन आले म्हणून! शाल, श्रीफळ, आणि "प्रवासाचे दोन शब्द". मी सांगितलं, कारंजी सांगा, धरण सांगा. नयनबद्दल कोणी विचारलं, तर मोठ्या हॉटेलात आहे म्हणायचं आणि पुढे जायचं. "हो," म्हणाले. बायकांना मी तेच सांगितलं आहे. देवकाबाईंनी तर त्यांच्या भाच्याला तिथे लावून देता का म्हणून विचारलंसुद्धा!

३० मे, रविवार

शाल घातली, नारळ दिला. बापूराव माइकसमोर उभे राहिले. कारंजी नाही, धरण नाही.

"माहा पोरगा तिथं जुव्याच्या टेबलावर पत्ते वाटते," म्हणाले. "घरी सगळ्यांनी लपवलं. मी त्याच्या पगाराच्या कागदावरचं नाव दाखवत दोन बस बदलून गेलतो, खांबाआड एक तास उभा राह्यलो. लोकं हरत होते, त्याच्यावर खेकसत होते. तो शांत. कोनाले कमी नाई, कोनाले जास्त नाई. असं इमानाचं काम मी माह्या दुकानात बी रोज केलं असन, असं सांगता येत नाई मले. तुमाले दुसऱ्या कोनाकडून कळाच्या आंधी मीच सांगून राह्यलो."

बायकांत मी मान खाली घालून बसले होते. गालिचाही नव्हता पाहायला.

शाल-नारळ घेऊन घरी आलो. दारात मी विचारलं, "मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले लाज वाटून राह्यली होती," म्हणाले. "दिसत होतं मले."

मग चप्पल काढायच्या आधीच – "नयनले फोन लाव. मले बोलाचं आहे."

लावला.