शारजाचा मोटारींचा सिनेमा

शारजा,
ता. ९ ऑक्टोबर १९६७

प्रिय मुश्ताक यास,
वलीचा सलाम.

मी इथे खुशाल आहे. मैमुनाबी अम्मांचे गुडघे आता कसे आहेत? हर्णैच्या बंदरात मासळी सुरू झाली असेल. इथे उकाडा जरा उतरलाय, पंख्याशिवाय झोप लागते.

बातमी अशी की आपला सिनेमा बंद झाला. त्या जागेवरून नवा रस्ता जाणार आहे. गेल्या शुक्रवारी शेवटचा खेळ लावला. चाळीसेक गाड्या आल्या. लँडरोव्हर, पिकअप, पाणी वाहणारे दोन ट्रकसुद्धा. मागच्या रांगेत बायका नेहमीसारख्या काचा वर करून बसल्या होत्या. खलनायकाला मार पडायला लागला तशी सगळ्यांनी हॉर्न धरले ते सोडीचनात. मला हसूही येईना.

तुझी आठवण लोक काढतात. तू हिंदी खेळाची गोष्ट कर्ण्यावरून अरबीत सांगायचास, "थांबा, रडू नका, त्याची आई अजून मेलेली नाही," ते इथले म्हातारे अजून एकमेकांना सांगतात. उंट पडद्यासमोरून गेला आणि त्याची सावली हिरॉइनच्या तोंडावर पडली, तेव्हा तू म्हणालास, "हा तिचा मामा." लोक गाड्यांतून उतरून हसले होते.

शहनाझचं लग्न ठरलं. मुलगा श्रीवर्धनचा, मुंबईत गोदीत आहे. बहिणीची काळजी मिटली. मीही बरा आहे. हे तुला मघाशीच लिहिलं, नाही का.

मुश्ताक, दर ईदला मी तुला पत्र लिहिलं आणि प्रत्येक पत्रात असंच काहीतरी लिहिलं. आज ते पुरे करतो.

तीन वर्षांपूर्वी पडदा कोसळला, त्या दिवशी त्याला मागून धरणाऱ्या तारा कसायची पाळी माझी होती. तुला ठाऊक आहे. तू विचारलंस, "वली, तारा बघितल्यास?" मी खाटेवर लोळत होतो. "हो, घट्ट कसल्या," म्हणालो. मी तिकडे गेलोही नव्हतो. संध्याकाळी वारा सुटला, वाळू उडायला लागली. तू कर्णा झाकायला पडद्याखाली गेलास आणि पडद्याचे चुना लावलेले ते सगळे पत्रे चौकटीसकट तुझ्या पायावर आले.

तू बेशुद्ध होतास. मालकाने, आपल्या अरबाबने विचारलं, "तारा कोणाकडे होत्या?" मी गप्प राहिलो. कोणीतरी म्हणालं, पडद्याचं सगळं मुश्ताकच बघतो. तेवढ्यावर ठरलं. तू शुद्धीवर येऊन काही बोलशील, मग मी कबूल करीन, असं मनाला सांगत राहिलो. तू बोललाच नाहीस. आगबोटीवर तुला खुर्चीवरून चढवलं, तेव्हा खुर्चीचा एक पाय मी धरला होता. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

त्यानंतर नव्या माणसांना अरबाब दर शुक्रवारी बजावायचा, "तारा नीट बघा, नाहीतर मुश्ताकसारखं होईल." तीन वर्षं मी ते ऐकलं. शेवटच्या खेळाआधी तो सवयीने तेच म्हणाला आणि मला ते सहन झालं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "अरबाब, पाळी माझी होती. मी खोटं बोललो. मुश्ताकचा काही दोष नव्हता."

तो म्हणाला, "मला काय सांगतोस? त्याला सांग."

दुबईत तो छपराचा नवा सिनेमा बांधतोय. तिथली ऑपरेटरची जागा मला द्यायची ठरली होती. ती आता तुझी. तसं त्याने मला बजावून सांगितलंय, त्याच्या मुनिमाचं पत्र वेगळं येईल. मी एका गॅरेजमध्ये बोलून ठेवलंय, माझं बघू नकोस.

हे पत्र अम्मांना वाचून दाखव. माझ्याबद्दल त्या काय म्हणतील ते मला कळव, जसंच्या तसं.

तुझा गुन्हेगार,
वली


हर्णै,
ता. ६ नोव्हेंबर १९६७

वली,
सलाम.

पत्र दोन दिवस उशाशी ठेवून पुन्हा पुन्हा वाचलं. पाय जायचा तो गेला, वाऱ्याला कोण काय करणार. पण तू खाटेशेजारी बसून मला पाणी पाजत होतास आणि गप्प होतास, ते मला पायापेक्षा जास्त दुखलं. मी तुझं नाव घेतलं असतं, तर लोक म्हणाले असते, लंगडा दुसऱ्यावर ढकलतो. म्हणून मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो. मग इथे आल्यावर पोस्टमनकडे.

अम्मांना वाचून दाखवलं. त्यांनी पदर घेतला, पत्र हातात घेतलं आणि हारुनमामूंच्या घरी गेल्या. मला "बेपर्वा पोरगा" पहिल्यांदा मामूच म्हणाले होते. अम्मांनी त्यांच्याकडूनच ते पत्र सगळ्या घरासमोर मोठ्याने वाचून घेतलं. परत येताना आणखी दोन घरं केली. त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखले नाहीत.

तुझ्याबद्दल काय म्हणाल्या ते जसंच्या तसं मागितलंस. म्हणाल्या, "उशिरा बोलला. पण बोलला."

डिसेंबरच्या बोटीने येतोय, इन्शाल्ला. मशीन मी चालवीन. पण केबिन वर असेल, आणि रिळांचे डबे घेऊन जिना चढणं मला जमायचं नाही. अरबाबला मी लिहिलंय की वली बरोबर असेल तरच जागा घेतो. गॅरेजवाल्याला खलास म्हणून सांग.

माफ केलं असं मी लिहीत नाही. ते कागदावर होत नाही. एकत्र काम करता करता होईल तेव्हा होईल.

तुझा (हा शब्द लिहावा की नाही, यात एक दिवस गेला),
मुश्ताक