आता काही बिघडलेलं नाही

प्रिय चिमणे,

कशी आहेस? तुझ्या आईचे गुडघे काय म्हणतात? भावाचा खोकला गेला का? आणि ते तुझं आळशी मांजर? इकडे ह्यांचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आलंय, जीभ मात्र अजून नाही. माझा चष्म्याचा नंबर तेवढा वाढला, बाकी ठणठणीत.

तू आणून दिलेली ती कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची एसएसडी, जिच्यात माझे शिवणाचे सगळे नमुने आहेत, ती हल्ली गोगलगाय झाली होती. एका फ्रॉकचा नमुना उघडेपर्यंत माझी दोन काजं करून व्हायची. हे म्हणाले, तुझ्या संगतीला राहून तीही रमतगमत चालायला लागली.

एरवी मी तुलाच फोन केला असता. या खेपेला म्हटलं, आपणच पदर खोचू. वेग मोजायचा प्रोग्राम उतरवून घेतला. खोक्यावर सेकंदाला पाचशे एमबी छापलेले, हाती आले जेमतेम चाळीस! बाकी सगळं बंद करून पुन्हा मोजलं, जुन्या फायली काढून जागा केली, वायर बदलून पाहिली. ये रे माझ्या मागल्या. शेवटी बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरले, तर काय! मागे झाडलोट करताना मीच वायर जुन्या, काळ्या पोर्टात खुपसली होती. शेजारच्या वेगवान निळ्यात घातली नि आकडा चारशेच्या वर गेला. काखेत कळसा नि गावाला वळसा! ह्यांना हाक मारून दाखवलं. आधी हसले, मग म्हणाले, आता पोरीला कुठल्या निमित्तानं बोलावणार?

म्हणून हे पत्र. घटस्फोट झाल्यापासून तू इथे आलीस ती दरवेळी कॉम्प्युटर अडला म्हणून. चहासुद्धा स्क्रीनकडे बघतच घेतलास. माझ्या लेकाचं नि तुझं का फाटलं ते मी विचारणार नाही. पण तुमच्या सह्या झाल्या म्हणून माझी माया काही कोर्टात जमा झाली नाही. तो आता दुसरीकडे राहतो, तेव्हा अवघडायला नको. इथे काही बिघडलेलं नाही, काही दुरुस्त करायचं नाही. तरी येशील? जड वाटत असेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मला हे विचारवलंच नसतं. तेव्हा हो की नाही, दोन ओळी खरडून लवकर टाक. वाट बघतेय.

तुझीच,
आई
(अजून म्हणत असशील तर)